पाणी जिरवावं की वेळावं?

भाताबद्दल लिहिणारे बहुतेक जण बिर्याणीपासून सुरुवात करतात आणि स्पेनच्या पाएय्यापाशी थांबतात. सणासुदीच्या भाताला पुस्तकं मिळतात, टीव्हीवरचे कार्यक्रम मिळतात. रोज दुपारी ताटात पडणारा साधा पांढरा भात मात्र कुणी कला म्हणून मोजत नाही. वास्तविक मसाल्याचा आणि मांसाचा आडोसा नसल्यामुळे तांदळाची जात, त्याचं वय, पाण्याचा अंदाज आणि आच यांतली प्रत्येक चूक याच भातात उघडी पडते. या साध्या भाताची जगात दोन मोठी घराणी आहेत आणि आज त्यांतलं एक दुसऱ्याला गिळत चाललं आहे.

पहिलं घराणं जिरवणाऱ्यांचं. मोजून पाणी घालायचं, ते सगळं दाण्यात मुरवायचं आणि वाफेवर झाकून ठेवायचं. जपान, कोरिया आणि बराचसा चीन या घराण्यातला. दुसरं वेळणाऱ्यांचं. भरपूर आधणात तांदूळ वैरायचे, शीत बोटांत दाबून बघायचं आणि उरलेलं पाणी वेळून काढायचं. कोकण, गोवा, केरळ, बंगाल, ओडिशा आणि पार इराणपर्यंत हे घराणं पसरलेलं आहे.

२०२०च्या जुलैमध्ये मूळच्या मलेशियाच्या नायजेल इंग या विनोदवीरानं ‘अंकल रॉजर’च्या सोंगात बीबीसीच्या एका पाककृतीची यथेच्छ टर उडवली. निवेदिकेनं शिजलेला भात चाळणीत ओतून नळाखाली धुतला, एवढंच निमित्त. कोट्यवधी लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. विनोद म्हणून तो उत्तमच होता. पण त्यातून ‘खरा आशियाई माणूस भाताचं पाणी काढत नाही’ असा एक फतवाच जगभर फिरला. आशियाच्या किती मोठ्या भागाला त्यानं एका फटक्यात आशियाबाहेर काढलं, याचा हिशेब कुणी केला नाही. गार पाण्याखाली भात धुण्याचं समर्थन मीही करणार नाही. तरी इराणी स्वयंपाकात वेळलेल्या भातावर कोमट पाणी फिरवून जास्तीचं मीठ काढण्याची पद्धत आहे आणि इराणी लोकांना भात कळत नाही असं म्हणण्याची हिंमत कुणी करू नये.

तिथला ‘चेलो’ हा वेळण्याच्या कलेचा कळस आहे. लांब दाण्याचा तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजत घालतात, उकळत्या पाण्यात अर्धाकच्चा शिजवून निथळतात. मग पातेल्याच्या तळाशी तूप किंवा तेल सोडून त्यावर भाताची रास रचतात, झाकणाला कापड गुंडाळतात आणि मंद आचेवर दम देतात. वाफेचं पाणी त्या कापडात शोषलं जातं, भातावर ठिबकत नाही. तळाला जी सोनेरी खरपुडी धरते तिला ‘तहदिग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरोघरी भांडणं होतात. आपली बिर्याणीही याच वंशातली. म्हणजे सणाच्या दिवशी आपण वेळणाऱ्यांचं तंत्र अभिमानानं वापरतो आणि एरवी त्याला गावंढळ समजतो.

वेळण्यामागे दाण्याचं शास्त्र आहे. पिष्टात अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा होतो, कमी असलेला चिकटतो. जपानी आखूड दाणा चिकट असतो, काड्यांनी उचलायला सोयीचा. त्याचं पाणी काढणं हा खरोखरच वेडेपणा ठरेल. उलट कोकणातला उकडा किंवा केरळचा मट्टा निबर आणि जाड. त्याला मोजून पाणी घालून बसलात तर भात निम्मा कच्चा राहील. त्याला पाणी सढळ हवं, वेळ हवा. सालासकट उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. म्हणूनच पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्यांना जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या बेरीबेरीनं ग्रासलं तेव्हा उकडा खाणारे बरेचसे वाचले.

शिवाय इथे एका पातेल्यात दोन पदार्थ होतात, भात आणि वेळलेल्या पाण्याची पेज. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळच्या कामाच्या मध्यावर वाटीभर पेज, सोबत लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा, हे पोटभरीचं खाणं होतं. केरळात तिची कंजी होते, बंगालात फ्यान. १९४३च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं दारोदार भात नव्हे, फ्यान मागत फिरत होती. भात मागण्याची सोयच उरली नव्हती.

वेळणाऱ्यांची बाजू घेताना वाहवत जाऊ नये. या पद्धतीत इंधन जास्त लागतं आणि पेज मोरीत ओतली तर ‘ब’ जीवनसत्त्वही तिच्याबरोबर जातं. दुसरीकडे, भरपूर पाण्यात शिजवून ते काढून टाकलं तर तांदळातलं अजैव आर्सेनिक चाळीस ते साठ टक्क्यांनी घटू शकतं, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. अर्थात पाणी स्वच्छ हवं आणि आर्सेनिकचा धोका असेल तिथे पेज पिण्याचा मोह सोडावा लागतो. मधुमेह्यांसाठी म्हणून विकले जाणारे ‘साखर कमी करणारे’ कुकर ही मात्र निव्वळ गंमत आहे. वेळणीचं काम जाळीच्या टोपलीला देऊन वर चढा भाव. २०२३मध्ये जपानच्या ग्राहक केंद्रानं असे कुकर तपासले, तेव्हा घट झाली ती मुख्यतः भातात पाणी जास्त राहिल्यामुळे, असं दिसलं.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर खरा फरक तिथेच पडला. तोशिबानं १९५५च्या डिसेंबरात विजेचा स्वयंचलित कुकर बाजारात आणला. तो घडवला योशितादा मिनामी या छोट्या कारखानदारानं. भात शिजवून शिजवून वेळेची आणि आचेची नोंद ठेवली त्याची पत्नी फुमिको हिनं. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान चढतं आणि स्विच बंद होतो, अशी साधी युक्ती. पुढे जपानी कुकरांत तांदळाच्या प्रकाराप्रमाणे भिजवण, आच, वाफ यांचे वेगवेगळे कार्यक्रम आले. इराणी बाजारातल्या कुकरांवर खरपुडी किती जाड हवी त्याची खुंटी असते. दोन्हीकडे यंत्र त्या घराण्याची गायकी शिकलं.

आपल्याकडे आला तो प्रेशर कुकर. त्याचे उपकार मोठे आहेत, इंधन वाचलं, बायकांचा वेळ वाचला, आणि हे कमी लेखण्याचा अधिकार आयतं जेवणाऱ्याला नाही. पण तो आला डाळीसाठी आणि भात वरच्या डब्यात बसला. कोलम असो, आंबेमोहर असो, उकडा असो, सगळ्यांना त्याच तीन शिट्ट्या. शीत दाबून बघण्याची सोय झाकणाबरोबर बंद झाली. मोकळ्या भातापासून आसट, गुरगुट्या भातापर्यंतचे सगळे टप्पे एकाच गिच्च गोळ्यात आले, आणि त्याची मूद पाडून वर वरण ओतलं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

भांड्याबरोबर तांदूळही बदलला. आंबेमोहरचं उत्पन्न कमी, म्हणून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात त्याचा आयआर-८ या जातीशी संकर करून इंद्रायणी काढली. वासाची, मऊ आणि भरघोस पिकणारी. मला ती आवडते. मात्र ती जन्मजात चिकट आहे आणि नवी असेल तर दुप्पट पाण्यात तिचा चिखल होतो. तिला पाणी बेतानं हवं. ही समज घरातल्या म्हाताऱ्यांकडे होती, पुढच्यांना ती पिशवीवरून मिळायला हवी. जपानात तांदळाच्या पिशवीवर जात, प्रांत आणि पिकाचं साल छापलेलं असतं. आपल्याकडे पोत्यातून तांदूळ घेताना अजूनही ‘जुना आहे ना?’ असं विचारावं लागतं आणि दुकानदार बाराही महिने ‘जुनाच’ म्हणतो.