मालक नावाची भूमिका

नाटक कंपन्यांच्या काळाविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतेक गाण्याविषयी आणि स्त्रीपार्टांविषयी आहे. कोणत्या पदाला किती वन्स मोअर, शालू कुठले, अत्तर किती, हे आपल्याला तोंडपाठ. पण दुपारी बुकिंगचा अंदाज घेऊन मुक्काम वाढवायचा की हलवायचा हे ठरवणारा, बिऱ्हाडातली पंगत उठली की नाही ते पाहणारा, रुसलेल्या नटाची समजूत काढणारा आणि रात्री तोंडाला रंग लावून स्वतःच नायिका म्हणून उभा राहणारा जो माणूस होता, त्याच्या या सगळ्या खटाटोपाकडे आपल्या समीक्षेने कला म्हणून कधी पाहिले नाही. तो खटाटोप चरित्रांच्या ‘आर्थिक विवंचना’ या प्रकरणात जातो आणि तिथेच राहतो.

इंग्रजांनी निदान या माणसाला दर्जा दिला. हेन्री आयर्व्हिंगने १८७८ साली लंडनचे लायसियम थिएटर चालवायला घेतले आणि १८९५ साली त्याला ‘सर’ केले गेले. नटाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा व्यवहार पाहायला ब्रॅम स्टोकर होता, तोच पुढे ड्रॅक्युला लिहिणारा. असा कारभारी असूनही १८९८ साली गोदामाला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक नाटकांचे पडदे-देखावे जळाले आणि वर्षभरात थिएटरचा ताबा आयर्व्हिंगच्या हातातून गेला. १९०५ साली दौऱ्यावर असताना ब्रॅडफर्डला प्रयोग संपवून तो उतरला आणि त्याच रात्री वारला. आपल्याकडच्या कित्येक मालकांना ही कहाणी घरची वाटली असती.

मराठीत नट, नाटककार आणि मालक ही तिन्ही कामे एका अंगावर घेणारा पहिला मोठा माणूस अण्णासाहेब किर्लोस्कर. १८८० साली पुण्यात शाकुंतल झाले, तेव्हा संहिता त्यांची, पदे त्यांची, कंपनी त्यांची आणि रंगमंचावर सूत्रधारही तेच. हल्ली वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणजे प्रयोगांच्या तारखा जुळवणारा व्यवस्थापक. शब्दाची ही घसरण नव्हे, मला तर तो मूळ पदावर परतल्यासारखा वाटतो. अण्णासाहेब १८८५ साली गेले ते रामराज्यवियोग अर्धे टाकून. कंपनी मात्र बुडाली नाही, कारण भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर, शंकरराव मुजुमदार अशी माणसे त्यांनी आधीच भोवती जमवली होती आणि लिहायला देवल होते.

कोल्हापूरने या परंपरेला दोन मालक दिले आणि दोघांचे वळण अगदी वेगळे.

केशवराव भोसले ९ ऑगस्ट १८९० चे. अगदी लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या शारदेची भूमिका करू लागले. कोवळा, तापलेला आवाज असलेल्या अशा पोराचे कंपनीत कौतुक होते तसे त्याला राबवलेही जाते. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, केशवरावांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. कोल्हापूरच्या मुलाची कंपनी कोल्हापुरात जन्मली नाही, यात नवल काही नाही. राजाश्रय एक गाव देतो, पण कंपनी जगते ती गल्ल्यावर, आणि गल्ला मुलखात विखुरलेला असतो. धारवाड-हुबळीचा मराठी-कानडी प्रेक्षक तेव्हा संगीत नाटकावर जीव टाकणारा होता.

केशवरावांचा गायक नट म्हणून गौरव पुष्कळ झाला. मालक म्हणून त्यांनी काय केले ते मला जास्त मोलाचे वाटते. स्वतः नाटक लिहिण्याच्या फंदात ते पडले नाहीत. वीर वामनराव जोशी यांचे राक्षसी महत्त्वाकांक्षा त्यांनी घेतले आणि त्यातली नायिका स्वतः रंगवली. नंतर मामा वरेरकर नावाच्या, पोस्टात नोकरी केलेल्या एका खटपट्या लेखकावर त्यांनी डाव लावला. पुराणातली कथानके हमखास चालत असताना हाच मुलाचा बाप सारखे हुंड्यावरचे, आजच्या घरात घडणारे नाटक लावणे हा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणा होता. पंगतीला बसणाऱ्या एवढ्या माणसांची जबाबदारी डोक्यावर असताना असा वेडेपणा करायला नटापेक्षा मालकाची छाती लागते. पडद्यांसाठीही त्यांनी कसर केली नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यांचाच हात पुढे सिनेमाकडे वळला.

मग १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलैला संयुक्त मानापमान झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन चाहतावर्गांनी आवाजांची तुलना कशी केली याच्या कथा अजून संपत नाहीत. मला त्या रात्रीत दिसतात ते दोन प्रतिस्पर्धी मालक, ज्यांनी आपापले नटसंच आणि आपापला अहंकार एका रंगमंचावर आणून ठेवला. आजच्या दोन निर्मात्यांनी असे करून दाखवावे! त्यानंतर तीन महिने होण्याआधीच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस.

अशा वेळी कंपनी मोडते, हा नियम. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली, १९२२ साली वरेरकरांचेच सत्तेचे गुलाम लावले आणि नेपथ्यात पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकाराला मोकळीक दिली. बापूरावांनंतर मध्ये खंड पडला, पण भालचंद्र पेंढारकरांनी १९४२ साली कंपनी पुन्हा उभी केली आणि दुरितांचे तिमिर जावो, पंडितराज जगन्नाथ ही नाटके त्याच नावाखाली आली. संस्थापक एकतिसाव्या वर्षी गेला आणि नाव शंभर वर्षे ओलांडून गेले. लेखक बाहेरचा, चित्रकार बाहेरचा, उत्तराधिकारी तयार, या केशवरावांच्या घडीचे हे फळ आहे. त्यांच्या गळ्याचे नव्हे, कारण तो गळा तर त्यांच्यासोबतच गेला.

आता गोविंदराव टेंबे. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, १८८१ चा जन्म. हार्मोनियमवर असा हात की भास्करबुवा बखल्यांसारख्यांच्या साथीला बसावे. देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेच्या वातावरणात कान तयार झालेला आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिण्याइतकी त्या गायकीशी जवळीक. १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्या. म्हणजे संयुक्त मानापमानाच्या त्या रात्री कोल्हापूरचा एक मालक गात होता ते कोल्हापूरच्या दुसऱ्याच्या चालींवर.

१९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर टेंबे गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. तिथून थोड्याच काळात बाहेर पडले आणि शिवराज ही स्वतःची मंडळी काढली. तिचे मालक ते, नट ते, संगीत त्यांचे. पुढे नाटककारही झाले. पटवर्धन आणि वरवंचना ही नाटके १९२० च्या दशकातली. अण्णासाहेबांची तिन्ही कामे, वर पेटी. कागदावर पाहिले तर यापेक्षा पूर्ण माणूस कंपनीला मिळणे नाही.

आणि तरी शिवराज ललितकलादर्शसारखी टिकली नाही, टेंब्यांची नाटके त्यांच्या चालींसारखी लोकांच्या ओठी राहिली नाहीत. मला वाटते, टेंबे हे मुळात रसिक होते, आणि रसिकाला मालक होणे जड जाते. त्यांचे माझा संगीत व्यासंग वाचताना हे सतत जाणवते. दुसऱ्याच्या गाण्यातले सौंदर्य सांगताना त्यांची लेखणी खुलते, उदार होते. असा माणूस तालमीत ‘पुरे, आता पडदा’ असे म्हणू शकत असेल का, याची मला शंका आहे. सगळेच येत असल्यामुळे त्यांना कुणाची निकड भासली नाही. केशवरावांना वरेरकरांची भासली तशी.

गंमत अशी की मालकीचे ओझे उतरल्यावर टेंबे पुन्हा फुलले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात निघाली आणि १९३२ च्या अयोध्येचा राजा या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव. समोर तारामती म्हणून दुर्गा खोटे, आणि संगीतही त्यांचेच. दिग्दर्शक शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व मंडळीत उमेदवारी करून आलेले. ज्या कंपनीत टेंबे भागीदार होते त्याच कंपनीतला हा पोरगा आता कॅमेऱ्यामागून त्यांना सूचना देत होता. हिशेब, मुक्काम, पंगत ही डोकेदुखी आता इतरांची होती.

त्यानंतरची मालकी वेगळ्या जातीची. मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढले ते लेखक-निर्माता म्हणून. मच्छिंद्र कांबळींनी भद्रकालीच्या नावाखाली मालवणी नाटक मुंबईत रुजवले, आणि ते नट-मालकच होते. प्रशांत दामले यांनी २०२२ साली साडेबारा हजारावा प्रयोग केला; नट, निर्माता आणि व्यवस्थापनाचा विचार करणारा माणूस असा संगम आज शोधायचा तर तिथेच. पण बिऱ्हाड संपले. आता नट नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर, येतात, बसने येतात, प्रयोग करून रातोरात परततात. मालकाला स्वयंपाकी सांभाळायचा नसतो, हे सुखाचेच. मात्र एकाच संचाने वर्षभर एकत्र राहून नाटक घासण्याची सोयही त्याच बिऱ्हाडाबरोबर गेली.

कोल्हापूरचा प्रश्न आणखी निराळा. इथे राज्य नाट्य स्पर्धेला हौशी संघ तावातावाने उतरतात, नट तयार होतात आणि मुंबई-पुण्याची वाट धरतात. व्यावसायिक नाटक इथे येते ते बाहेरून, शनिवार-रविवारच्या दौऱ्यात. कोल्हापुरात राहून, इथला संच बांधून मुलूख फिरणारा मालक मला दिसत नाही. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधले, शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि मागची बाजू त्या मैदानाकडे उघडणारी. मल्ल आणि नट या दोघांना एका भिंतीआड जागा देणारा राजा कलेबरोबर गर्दीचाही जाणकार असला पाहिजे. १९५७ साली त्या थिएटरला केशवरावांचे नाव मिळाले. गावाने मालकाचे नाव इमारतीला दिले, मालकाचे काम मात्र कुणी उचलले नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. लाकूडकाम, छत, रंगमंच, काही उरले नाही. पुनर्बांधणी हाती घेतली गेली, निधी जाहीर झाला, आराखड्यांवर वाद झाले; हे सगळे व्हायचेच. आगीनंतरचा दुसरा दिवस ९ ऑगस्टचा, केशवरावांच्या जयंतीचा. रंगकर्मी ठरल्याप्रमाणे जमले, पण आत जायला जागा नव्हती. काळवंडलेल्या भिंतींसमोर, रस्त्यावरच, ते उभे राहिले.