अडुसष्टाव्या घरापुढची चार घरे

सापशिडीचा पट शंभर घरांचा आणि शंभरावे घर गाठले की जिंकलो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की जुने पट पाहताना पहिला धक्का तिथेच बसतो. ज्ञानचौपड या नावाने ओळखला जाणारा ७२ घरांचा वैष्णव पट घ्या. नऊ घरांच्या आठ ओळी. सोंगटी तळाच्या घरातून निघते आणि दर ओळीच्या टोकाला वळत वर चढते. पण गाठायचे असते ते ७२वे घर नव्हे. वैकुंठ ६८व्या घरात आहे, सर्वांत वरच्या ओळीच्या बरोबर मधोमध. त्याच्या पुढे आणखी चार घरे आहेत: ब्रह्मलोक, सत्त्वगुण, रजोगुण आणि तमोगुण. दान जास्त पडले आणि सोंगटी वैकुंठ ओलांडून गेली, तर ती पटावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत पोचते. तिथे सापाचे तोंड आहे. त्याची शेपटी ५१व्या घरात, म्हणजे पृथ्वीवर.

हरीश जोहरी यांच्या ‘लीला’ या इंग्रजी पुस्तकामुळे हा पट बाहेर बराच माहीत झाला. अँड्र्यू टॉप्सफिल्ड यांचा १९८५चा लेख आणि जेकब श्मिट-मॅडसन यांचा कोपनहेगन विद्यापीठातला २०१९चा प्रबंध यांमुळे या पटांचा अभ्यासही बराच पुढे गेला आहे. मराठीत मात्र चर्चा एकाच मुद्द्यापाशी अडते: मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला की नाही. मला तो दावा पुराव्याने सिद्ध झालेला वाटत नाही. हाती असलेले बहुतेक पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. पण कर्ता कोण या वादात रचनेकडे पाहायचे राहून जाते, याची खंत जास्त आहे. ज्या कोणी हे पट आखले, त्यांनी एक प्रश्न नीट हाताळला होता: सर्वांत वर पोचलेल्याचे पुढे काय करायचे? याच प्रश्नावर आज जगभरचे लाखो लोक, बहुतेक तरुण, रात्री जागवतात. त्यांचा पट संगणकाच्या पडद्यावर असतो, एवढेच.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाडू एक पात्र घेतो, तेही पहिल्या लेव्हलपासून. राक्षस मारले, कामगिऱ्या पार पाडल्या की अनुभवगुण साठतात आणि लेव्हल वाढते. हजारो माणसे एकाच जगात एकाच वेळी खेळत असतात. लेव्हलला एक कमाल मर्यादा असते. तिथे पोचले की अनुभवगुण साठणे थांबते. आमच्या ट्रॉम्बेत, अणुशक्तीनगरच्या शेजारात, हे समजावणे सोपे जाते. वेतनश्रेणीच्या कमाल टप्प्यावर अडलेला माणूस, वार्षिक वाढ बंद, निवृत्तीला अजून सात वर्षे. कामावर तर रोज जायचेच आहे.

या खेळांचा आद्य पूर्वज ‘मड’. रॉय ट्रबशॉ याने तो १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात सुरू केला आणि रिचर्ड बार्टल याने पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे. सर्वांत वरच्या टप्प्यावर पोचलेल्याला ‘विझार्ड’ ही पदवी मिळे. मग त्याला मरण नसे, इतरांना नसलेल्या शक्ती असत आणि जगाची देखरेख बऱ्याच अंशी त्याच्याकडे येई. म्हणजे खेळणे संपे आणि अधिकार सुरू होई. बार्टलचा १९९६चा गाजलेला निबंध, ज्यात त्याने खेळाडूंचे चार प्रकार पाडले, तो मुळात अशाच विझार्ड मंडळींच्या १९८९-९० मधल्या काही महिने चाललेल्या वादातून निघाला. लोक हा खेळ कशासाठी खेळतात, हा त्या वादाचा विषय. चढायला काही उरले नाही तेव्हा या माणसांनी चढण्याचा अर्थ काय यावर भांडण मांडले, आणि एका नव्या अभ्यासशाखेचा पाया त्यातून पडला. रिकाम्या वेळेला आपण उगीच नावे ठेवतो.

पुढे खेळ महिन्याच्या वर्गणीवर आले आणि हिशोब बदलला. वर्गणीदाराला वैकुंठ दाखवता येते, देता येत नाही. तो पोचला आणि उठून गेला तर वर्गणी बुडाली. तेव्हा शेवटचे घर गाठल्यासारखे वाटले पाहिजे पण ते शेवटचे असता कामा नये, ही रचनाकाराची अडचण. तिच्यावर काढलेल्या दोन तोडग्यांकडे इथे पाहू.

पहिला ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ या कोरियन खेळातला. ग्रॅव्हिटी या कंपनीने तो २००२ मध्ये बाजारात आणला. कमाल लेव्हल होती ९९. तिथे पोचणे सोपे नव्हते: वरच्या लेव्हलांवर एकदा मेले की लेव्हलच्या एक टक्का अनुभव जाई, म्हणजे काही तासांची मेहनत पाण्यात. ९९ला पोचलेल्या पात्राभोवती निळसर तेजोवलय दिसू लागे. गर्दीच्या चौकातही ते लगेच ओळखू येई. आणि मग खेळ त्याला पुनर्जन्म देऊ करी. त्यासाठी १२,८५,००० झेनी, म्हणजे त्या खेळातले चलन, भरायचे, अंगावरचे आणि झोळीतले सर्व सामान उतरवून पूर्ण रिकाम्या हाताने जायचे, एक प्राचीन ग्रंथ वाचायचा आणि वाल्हालात वाल्किरीसमोर उभे राहायचे. ती पुन्हा पहिल्या लेव्हलवर पाठवते. जन्मतः थोडे जास्त गुण, थोडे जास्त बळ. पण प्रत्येक पायरीला पूर्वीपेक्षा जास्त अनुभव लागतो आणि तेजोवलय गेलेले असते. शेवटी पुन्हा ९९.

आपल्याकडच्या वाचकाला यात ओळखीचे वाटेल ते बारकाईने पाहावे. रिकाम्या हाताने जाणे आहे, ग्रंथ आहे, देवदूत आहे. सगळा थाट मोक्षाचा आणि हाती पडतो तो जन्म. पुण्य संपल्यावर स्वर्गातून मर्त्यलोकी परतणारा जीव आपल्या परंपरेत दयेचा विषय आहे. इथे तोच बक्षीस घेऊन परततो.

आमच्या भागात त्या काळी सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळणारी मुले मी पाहत असे. खिशाला परवडावे म्हणून चौघे मिळून एकच पात्र वाढवत. ते ९९ला पोचले तेव्हा त्यांच्यात फूट पडली. दोघांना पुनर्जन्म हवा होता. एकाला ते वलय सोडवत नव्हते. चौथा म्हणाला, आता नवीन पोरांना बरोबर घेऊन फिरू, त्यांना कोणी मारत नाही असा कोपरा दाखवू. बाकीचे त्याला हसले. त्यांचे पुढे काय ठरले ते महत्त्वाचे नाही. पण खेळ बनवणाऱ्याने न सुचवलेली वाट चौघांपैकी एकालाच दिसली होती, हे मला तेव्हापासून विचारात घेण्यासारखे वाटत आले आहे.

दुसरा तोडगा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा: छत उचलत राहणे. २००४ मध्ये कमाल लेव्हल ६०. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, मग ८५, ९०, १००, ११०, आणि २०१८ मध्ये १२०. दर वेळी जुनी शस्त्रे निकामी, जुने पराक्रम मोडीत. शेवटी आकडा इतका फुगला की नव्या माणसाला चढण पाहूनच धाप लागावी. तेव्हा २०२० मध्ये कंपनीने सर्वांनाच खाली आणले. १२०व्या लेव्हलचे पात्र एका रात्रीत ५०वे झाले आणि नवे छत पुन्हा ६०. बहात्तरावरून एक्कावन्नावर आणणारा साप मला इथे आठवतो. फरक असा की पटावरचा साप पहिल्यापासून सर्वांना दिसत असतो. वैकुंठ ओलांडण्याची हाव धरलीत तर पृथ्वीवर याल, असे तो आधीच सांगतो. इथला साप कंपनीने सोळा वर्षांनी काढला.

रचना म्हणून मी जुन्या पटाला झुकते माप देतो, हे लपवत नाही. त्या पटावर ज्ञानाची शिडी ३७व्या घरातून निघून ६६व्या, आनंदाच्या घरापर्यंतच जाते. भक्तीची ५४व्या घरातून थेट ६८व्या घरात. एवढ्या दोन रेघांत एक भाष्य आहे. लेव्हलांच्या चढणीत असे भाष्य मला कुठे सापडले नाही. तिथे प्रत्येक पायरी मागच्या पायरीसारखीच, फक्त जास्त महाग.

पण समीक्षा रचनेपाशी संपत नाही. पट कसा खेळला जातो हेही पाहावे लागते, आणि तिथे पारडे हलते. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये एक विचित्र प्रकार घडला. झुल’गुरुब या ठिकाणी ६०व्या लेव्हलच्या वीस-वीस जणांच्या तुकड्या हक्कार नावाच्या दैत्याशी लढत. तो रक्त नासवणारा शाप टाके. शाप शेजारच्याला लागे. रचनाकारांच्या हिशोबात तो तिथेच राहणार होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना लागून तो शहरांत आला आणि साथ पसरली. कमाल लेव्हलवाले तग धरत. नवी, दुर्बळ पात्रे काही क्षणांत मरत. तेव्हा वर पोचलेल्यांपैकी काहींनी शहर सोडून पळ काढला, काहींनी मुद्दाम साथ आणखी पसरवली आणि काही जण चौकात उभे राहून अनोळखी पात्रांना बरे करत राहिले. कंपनीला अखेर सर्व्हर पूर्वस्थितीत आणावे लागले. एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या साथीवर लिहिले, कारण खऱ्या साथीत माणसे कशी वागतात याचे हे अनपेक्षित चित्र होते. बरे करणाऱ्यांना त्याबद्दल एकही अनुभवगुण मिळणार नव्हता. मिळाला असता तरी उपयोग नव्हता. त्यांचा रकाना भरलेला होता.

कमाल लेव्हलची गंमत मला इथे कळते. बक्षीस संपले की माणूस काय करतो, हे तिथेच स्वच्छ दिसते. संघात नव्याला शिकवणे, त्याला अवघड जागी सोबत करणे, रात्री लढाई नसताना नुसते गप्पा मारत बसणे: जुने खेळाडू का टिकतात असे विचारले की उत्तरात आधी माणसांची नावे येतात, मग लुटीची. तुकोबांनी मुक्ती नाकारून संतसंग मागितला आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासही पत्करला. या मागणीशी गेमची तुलना काहींना आगाऊपणा वाटेल. संतसंग आणि संघसंग एक नव्हेत, हे मलाही दिसते. पण पुनर्जन्म सोसायचा तो कशासाठी, या प्रश्नाला आपल्या भाषेने दिलेले सर्वांत सरळ उत्तर तेच आहे, आणि वाल्किरीसमोर रांग लावणाऱ्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

कंपन्यांनाही हे कळते, म्हणून मोठमोठ्या मोहिमा चाळीस चाळीस जणांच्या ठेवल्या गेल्या. दोस्तांना सोडून जाणे वर्गणी थांबवण्याहून कठीण असते. सोबतीचाही धंदा होतो. तरी सोबत खोटी ठरत नाही. पंढरपूरला दुकाने आहेत म्हणून वारी खोटी ठरत नाही, तसे.

जुन्या पटांच्या नियमांत एक जागा मोकळी आहे. सोंगटी ६८व्या घरात पोचली की ती उचलून बाजूला ठेवायची. तिचा खेळ संपला. जिचा डाव लागला ती व्यक्ती मात्र उठून जात नाही. घरी सापशिडी खेळलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. ती तिथेच बसते, दुसऱ्याच्या कवड्या मोजते, धाकट्याने एक घर चोरून पुढे घेतले तर त्याला टोकते, आणि त्याची सोंगटी सापाच्या तोंडाशी आली की त्याच्याहून आधी श्वास रोखते.