अंतराळातले कूळ

कूळ हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. देवळाच्या सभामंडपात तो उच्चारला की कुलदेवता, कुलाचार, महाजनकी अशी सारी परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. मामलेदाराच्या कचेरीत तोच शब्द निघाला की दुसऱ्याची जमीन कसणारा, खंड भरणारा आणि बेदखल होण्याच्या धास्तीत असणारा माणूस पुढे येतो. व्यवसायामुळे आमचा परिचय या दुसऱ्या कुळाशी अधिक. म्हणूनच की काय, स्कॉटलंडच्या कुळांचा वारसा सांगणाऱ्या अंतराळातील प्रणयकथा पाहताना आम्हांस एक उणीव सारखी जाणवते. पहिले कूळ तेथे मोठ्या थाटाने मिरवते. दुसऱ्याचा मात्र पत्ता नसतो.

या जातीच्या कथेचा एक नमुना आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेत १९९४ साली ‘सब रोझा’ नावाचा भाग दाखविण्यात आला होता. काळ चोविसाव्या शतकाचा. कॅल्डॉस नावाच्या दूरच्या वसाहतीत मूळ पुरुषांनी नवे स्कॉटलंड उभारले आहे. एडिंबरो, ग्लासगो, ॲबर्डीन येथून इमारतींच्या कोनशिलादेखील नेल्या आहेत. यानावरील वैद्य बेव्हर्ली क्रशर ही आजीच्या अंत्यविधीसाठी तेथे येते. आजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक दिवा आहे, आणि त्या दिव्यासोबत रोनिन नावाचा एक अशरीरी प्रियकर वारशाने आला आहे. सतराव्या शतकापासून तो या घराण्यातील स्त्रियांना एकीमागून एक वश करीत आला. आता पाळी नातीची.

मालिकेचे भक्तदेखील या भागाची थट्टा करतात, आणि थट्टेस जागा पुष्कळ आहे. घराण्याचे नाव हॉवर्ड. हे इंग्लंडातील बड्या सरदार घराण्याचे नाव, डोंगरी कुळाचे नव्हे. कोनशिला ज्या तीन शहरांतून आणल्या त्यांपैकी एकही डोंगराळ मुलुखात नाही. पिशाचाचे नाव तर जपानी. धन्याविना भटकणाऱ्या सामुराईस तिकडे रोनिन म्हणतात. धुके, दगडी घरे, स्मशान आणि फुले एवढ्यावर स्कॉटलंड उभे करावयाचे असा सारा प्रकार. परंतु कोनशिलांचा तो प्रसंग आम्हांस हसण्यावारी नेता आला नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश प्रियोळास आणि केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास नेणाऱ्यांच्या वंशजांनी त्यास कसे हसावे? उखडलेला माणूस सोबत काय नेतो, हा प्रश्न आमच्याही घरातला आहे. मात्र आमच्या पूर्वजांनी देवाबरोबर मागल्या गावच्या हक्कांची आठवणही नेली. कोण कोठला, कोणाचा मान कोणता, हे महाजनांच्या यादीत आजही लिहिलेले सापडते. कॅल्डॉसवर जमीन कोणाच्या नावे आहे, ती कसतो कोण, हे कथेत कोणी विचारीतदेखील नाही.

हा प्रश्न बाहेरचा नाही. कुळाच्या गाभ्यातलाच आहे. ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतील. त्याचा अर्थ लेकरे. नायक हा सर्वांचा बाप, आणि एकच आडनाव लावणारे सारे, रक्ताचे असोत वा आश्रयाने आलेले असोत, त्याची लेकरे. नायकाने हाक दिली की लेकरांनी शस्त्र घेऊन धावून जावयाचे, आणि मोबदल्यात ज्या खोऱ्यात आपले वाडवडील नांदले तेथे नांदण्याचा हक्क मिळवावयाचा. या हक्कास ते ‘दूखस’ म्हणत. तो कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेला नव्हता, हे त्याचे दुर्दैव. दस्तऐवज होता तो नायकाच्या नावे.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्ट्युअर्ट राजपुत्राच्या सैन्याचा पराभव झाला, आणि उरलेले काम तलवारीऐवजी कायद्याने पुरे केले. डोंगरी पोशाख हा गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेस सात वर्षे काळे पाणी. सरकारी पलटणीत भरती झालेल्यास तोच पोशाख माफ! पाठोपाठ नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द करण्यात आले आणि त्यांबद्दल भरपाई देण्यात आली. लेकरांच्या अलिखित हक्काची भरपाई कोणी मागितली नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो हक्क नव्हताच. नायक आता निव्वळ जमीनदार झाला, आणि पहिल्या अर्थाचे कूळ दुसऱ्या अर्थाचे कूळ झाले. मेंढ्यांपासून खंडाहून अधिक उत्पन्न होते असे दिसताच त्यासही हुसकावण्यात आले.

१८१४ साली सदरलंडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरे जाळून माणसे बाहेर काढण्यात आली. जमीन होती सदरलंडच्या काउंटेसबाईंची, म्हणजे त्या कुळाच्याच प्रमुखाची. कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इन्व्हरनेस येथे मनुष्यवधाचा व जाळपोळीचा खटला झाला. ज्यूरीत जमीनदारांचा भरणा. सेलर निर्दोष सुटला. आणि याच १८१४ साली वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन डोंगरी कुळांच्या शौर्याने सारा वाचकवर्ग मोहून गेला. पुढे १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्कॉटच्याच देखरेखीखाली तो किल्ट नेसून आणि खाली मांसरंगी तुमानी घालून मिरवला. एका खोऱ्यात छपरे जळत होती आणि दिवाणखान्यात कुळाची कथा वाचली जात होती. अंतराळात गेलेली प्रणयकथा ही याच दिवाणखान्याची पणती आहे, आणि तिला दोष द्यावयाचा तर पणजीचा प्रथम द्यावा लागेल.

आता न्यायाने बोलावयाचे तर ‘सब रोझा’च्या पदरी एक गुणही टाकला पाहिजे, मग तो लेखकांच्या मनात असो वा नसो. वारसा हा येथे दिव्यातून निघून वारसाचेच सत्त्व शोषितो. बेव्हर्ली त्याच्या नादी लागून नोकरीचा राजीनामा देते. जोवर ती त्याच्यासाठी जगते तोवर तिला अपार सुख आहे. अखेर मेलेल्या आजीची विटंबना आणि एका म्हाताऱ्याचा जीव गेलेला पाहून ती स्वतःच्या हाताने त्याचा अंत करते. आणि नंतर, आजीला त्याने सुखात ठेवले होते, हेही कबूल करते. आपल्या परंपरेतील जे सुखद होते आणि जे रक्त पीत होते ते एकच होते, हे जिला म्हणता येते ती स्त्री या भागापेक्षा मोठी आहे.

तरीही कुळाचे इमान ज्यास कळले अशी कथा शोधू लागल्यास आम्ही जुन्या इंग्रजी ‘डॉक्टर हू’ मालिकेकडे बोट दाखवू. डिसेंबर १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘द हायलँडर्स’ या कथेत जेमी मॅक्रिमन हा बॅगपाइप वाजविणारा तरुण कलोडनच्या रणातून डॉक्टरच्या यानात चढतो. (मॅक्रिमन हे स्काय बेटावरील मॅक्लाउड नायकांचे वंशपरंपरागत वादक. १७४६ साली खरा मॅक्रिमन मारला गेला तो सरकारच्या बाजूने, कारण त्याच्या नायकाने ती बाजू धरली होती. लेखकांस हे ठाऊक असते तर कथा अधिक कडू झाली असती.) याच जेमीला पडद्यावर पाहून डायना गॅबल्डन यांना आपल्या ‘आउटलँडर’ कादंबरीची प्रेरणा मिळाली, १९९१ साली ती निघाली आणि तिच्या नायकाचेही नाव जेमी. तेथे अंतराळ नाही, काळाचा प्रवास आहे. प्रणय मात्र काठोकाठ.

मूळचा जेमी प्रेमवीर नव्हे. तो डॉक्टरशी वागतो तो नायकाशी कुळातील माणसाने वागावे तसा: वाद घालतो, चिडतो, पण संकटात पुढे उभा राहतो, आणि डॉक्टरही त्याला टाकीत नाही. किल्ट, बाजा, उच्चार यांपेक्षा या देवाणघेवाणीत कुळाचा अंश अधिक आहे. १९६९ साली ‘द वॉर गेम्स’ या कथेच्या शेवटी डॉक्टरचे स्वजन जेमीच्या मनातून सारा प्रवास पुसून टाकतात, पहिली भेट तेवढी ठेवतात, आणि त्याला त्याच्या माळावर परत पाठवितात. तो तलवार उचलतो आणि कुळाची आरोळी ठोकून एका लाल डगलेवाल्याच्या अंगावर धावून जातो. मालिका त्याला तेथेच सोडते. त्याच्या अंगावरचा पोशाख आता गुन्हा ठरणार आहे, नायकांची न्यायासने मोडणार आहेत, आणि त्याच्या नातवंडांच्या काळी डोंगरातल्या घरांची छपरे पेटणार आहेत, यातले त्याला काहीच माहीत नाही.