मनोरुग्णाची कथा आणि तिचा शेवट

मनोविकाराने ग्रासलेल्या माणसाची कथा लिहिणाऱ्यापुढे शेवटाचा प्रश्न विशेष बिकट होऊन उभा राहतो. रुग्णाविषयी करुणा उत्पन्न झाली, की तो बरा व्हावा अशी इच्छा वाचकाच्या मनात आपोआप जागी होते. पुष्कळदा लेखकाचे मनही तिलाच दुजोरा देते. अशा वेळी कथेच्या ओघात अटळ ठरलेला दुःखान्त कायम राखणे ही केवळ रचनेची बाब उरत नाही. ती सत्यनिष्ठेची कसोटी ठरते.

आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नाचे एक मूळ सापडते. भरताने उन्मादाची गणना ३३ व्यभिचारी भावांत केली आहे. व्यभिचारी भाव येतो, स्थायी भावाला पोषक होतो आणि विरून जातो. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकातील पुरूरवा उर्वशीच्या शोधात मोराला, कोकिळेला प्रश्न करीत वनभर भटकतो, पण लता झालेली उर्वशी पुन्हा भेटताच त्याचा उन्माद ओसरतो. हा सुखान्त खोटा नव्हे. विरह हेच उन्मादाचे कारण असल्यामुळे कारण सरले की कार्यही सरते. परंतु आजचा कथाकार ज्याला मनोविकार म्हणतो, तो बहुधा असा पाहुणा नसतो. तो घरात बिऱ्हाड करून राहतो. मुक्कामाला आलेल्या व्याधीला संचारी भावाचा शेवट जोडला, की कथा आपल्याच विषयाशी प्रतारणा करते.

असा जोडलेला शेवट प्रेक्षकांना किती प्रिय होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण इंग्रजी रंगभूमीवर आढळते. नेहम टेट याने १६८१ मध्ये ‘किंग लिअर’चा शेवट पालटला. त्याच्या नाटकात लिअरला राज्य परत मिळते आणि कॉर्डेलिया जिवंत राहून एडगरशी विवाह करते. दीडशेहून अधिक वर्षे रंगभूमीवर या फेरफाराचे वर्चस्व राहिले. मॅक्रेडीने १८३८ मध्ये शेक्सपिअरचा शोकान्त पुन्हा प्रतिष्ठित केला. कॉर्डेलियाचा मृत्यू सॅम्युएल जॉन्सनसारख्या समीक्षकालाही असह्य वाटला होता. त्याची वेदना प्रामाणिक होती, यात शंका नाही. तथापि वादळात भान हरपलेल्या लिअरला जे आत्मज्ञान होते, त्याची किंमत सुखान्तात कोणीच चुकवीत नाही. वेड म्हणजे जणू एक वाईट रात्र, आणि सकाळी सारे पूर्ववत!

मराठीत या दृष्टीने जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ (१९७७) अभ्यसनीय आहे. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाने आणि विक्रम गोखले यांच्या भूमिकेने गाजले. विलायतेत शिकलेला, सुधारणावादी बॅरिस्टर आणि त्याच्या घराण्यातील वेडाचा वारसा. सोवळी मावशी आणि केशवपनाच्या रूढीची राधेवर पडणारी छाया, या दोन भयांची वीण दळवींनी एकत्र घातली आहे. बॅरिस्टर व राधा यांचे लग्न लावून नाटक संपविणे अशक्य नव्हते. त्यात सुधारणेचा जयही दिसला असता. परंतु ज्या वाड्यात विचार उघड्यावर येतात आणि आचार बंद दारामागेच राहतात, त्या वाड्याविषयी ते असत्य ठरले असते. नायकाचे वेडात बुडणे तेथे रचनेतून उमलते.

तरीही एक आक्षेप नोंदविणे अवश्य आहे. नाटकात आनुवंशिकता जवळजवळ नियतीचे रूप घेते. मानसशास्त्राच्या आजच्या ज्ञानाप्रमाणे आनुवंशिकता आजाराचा संभव वाढविते. ती निकाल देत नाही. म्हणून नाट्यगत अटळता आणि वैद्यकीय अटळता यांची गल्लत समीक्षकाने होऊ देऊ नये. ‘बॅरिस्टर’चा शेवट त्या माणसापुरता आणि त्या घरापुरता सत्य आहे, तो समस्त रुग्णांचे भविष्य नव्हे.

हा निकष कोकणातल्याच आजच्या एका घराला लावून पाहावा. लांजा तालुक्यात एखाद्या कादंबरीचे घर कल्पावे. थोरला मुलगा मुंबईत चाकरमानी. गावी वृद्ध आई आणि स्किझोफ्रेनिया जडलेला धाकटा. प्रथम ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे आणि कौल. बहिणीचे लग्न उरकेपर्यंत आजाराची वाच्यता नाही. मग कधीतरी पाली, हातखंबा करीत रत्नागिरीचे, १८८६ पासूनचे मनोरुग्णालय. औषधाने मुलगा सावरतो, बागेत राबू लागतो. पुढे आई अंथरुणाला खिळते, औषध खंडते आणि आजार उलटतो.

येथे लेखकाला दोन सोपे शेवट खुणावतात. एकात पूर्ण बरा झालेला मुलगा शिमग्यात पालखी नाचवितो. दुसऱ्यात मुचकुंदीच्या डोहाशी कथा संपते. पहिला इच्छेतून येतो, दुसरा परिणामाच्या हव्यासातून. आणि दोन्ही लेखकाची सुटका करतात. तिसरा शेवट कमी नाट्यपूर्ण आहे. आईचे दिवस झाल्यावर थोरला घराला कुलूप घालतो, धाकट्याला रत्नागिरीस पोहोचवितो आणि मुंबईची गाडी धरतो. कोणीही दुष्ट नाही, कोणी मरतही नाही. धाकटा सावरू शकतो हे वाचकाने पाहिलेले असते. म्हणूनच ते कुलूप अधिक जड वाटते.

दुःखान्ताशी निष्ठा म्हणजे दुःखाची निष्ठा नव्हे. मनोविकारांतून काही माणसे पूर्ण बरी होतात, काही आजारासह जगणे शिकतात, काहींना तेही साधत नाही. यांपैकी कोणताही शेवट पूर्वकथेने कमावलेला असेल तर तो कलादृष्ट्या न्याय्य आहे. मात्र अशा कथेचा एक वाचक त्या कुलूप लागलेल्या घरातलाही असतो. फुकटचा सुखान्त त्याला त्याची शुश्रूषा अपुरी पडल्याचे सांगतो आणि फुकटचा दुःखान्त ती व्यर्थ असल्याचे. त्याच्याशी खरे बोलणे, हेच या प्रकारच्या लेखनाचे पहिले कर्तव्य होय.