नीम येथील नष्टाक्षर शिलालेख व त्याचें वाचन

फ्रान्सच्या दक्षिण प्रांतांत नीम नांवाचें एक प्राचीन नगर आहे. रोमन लोक त्यास नेमाउसुस म्हणत. तेथील झऱ्याच्या अधिष्ठात्या देवतेवरून हें नांव पडलें. रोमन वास्तूंची इतकी दाटी इटलीबाहेर फार थोड्या ठिकाणीं आढळते. १३३ मीटर लांब व १०१ मीटर रुंद असें दगडी प्रेक्षागार, इ. स. पूर्वीं १६-१५ या वर्षाचा लेख धारण करणारा ऑगस्टसचा दरवाजा, टेकडीवरील तूर मान्य हा बुरूज आणि गांवाच्या मध्यभागीं मेझों कारे हें देवालय, एवढें सर्व पायीं हिंडून एका दिवसांत पाहतां येतें. प्रवासी प्रेक्षागाराची भव्यता पाहून तृप्त होतात. आम्ही नीम येथें गेलों ते मात्र मेझों कारेच्या दर्शनी पट्टीवरील भोकें पाहण्यासाठीं. आजच्या लेखाचा विषय तीं भोकेंच होत.

मेझों कारे म्हणजे 'चौकोनी घर'. नांव साधें असलें तरी वास्तु असामान्य आहे. सुमारें २६ मीटर लांब व १३ मीटर रुंद असें हें मंदिर उंच जोत्यावर उभें असून त्यास एकंदर ३० स्तंभ आहेत; पैकीं १० पुढील मंडपांत मोकळे व २० गाभाऱ्याच्या भिंतींत अर्धवट बसविलेले. नगरसभेचें घर, तबेला, ऑगस्टिनियन साधूंचें प्रार्थनामंदिर, प्रांताचें दप्तर आणि पदार्थसंग्रहालय अशीं स्थित्यंतरें या वास्तूनें पाहिलीं. सतत कोणाच्या तरी उपयोगांत राहिल्यामुळेंच ती वांचली. सन २०२३ मध्यें युनेस्कोनें तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत केला.

या मंदिराच्या दर्शनी भागावर एके काळीं पितळी अक्षरांचा लेख होता. अक्षरें पुढें नाहींशीं झालीं. तीं बसविण्यासाठीं दगडांत पाडलेलीं भोकें मात्र राहिलीं. लेख नाहींसा झाल्यामुळें तर्कांस ऊत आला. हेड्रियन बादशहानें प्लोटिना राणीच्या सन्मानार्थ नीम येथें एक अद्भुत सभागृह बांधविलें, असें एका प्राचीन चरित्रग्रंथांत नमूद आहे. तें सभागृह हेंच, असें कित्येक पंडित मानीत. दुसरे यास देवांचें मुख्य मंदिर म्हणत. प्रत्यक्ष भोकांकडे पाहण्याचें काम इ. स. १७५८ मध्यें झां-फ्रांस्वा सेगिए यानें केलें.

सेगिए हा नीमचाच. त्याचा जन्म १७०३ मधला. व्हेरोना येथील सुप्रसिद्ध पुराणवस्तुवेत्ता माफ्फेइ याच्या सान्निध्यांत त्यानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं व माफ्फेइच्या मृत्यूनंतर १७५५ मध्यें तो स्वग्रामीं परतला. वनस्पतिशास्त्र व शिलालेख हीं त्याचीं दोन व्यसनें होतीं. त्यानें मंदिरास पराती बांधविली, भोकांचे ठसे घेतले व कोणत्या अक्षरास कोणतीं भोकें जुळतात याचा पडताळा पाहिला. त्याचें वाचन मराठींत असें होईल: 'ऑगस्टसपुत्र कन्सल गायुस सीझर यास, ऑगस्टसपुत्र नियोजित कन्सल लुकियुस सीझर यास, युवकांच्या अग्रणींस.'

गायुस व लुकियुस हे आग्रिप्पाचे पुत्र. ऑगस्टसनें त्यांस इ. स. पूर्वीं १७ मध्यें दत्तक घेतलें. लुकियुस इ. स. २ मध्यें व गायुस इ. स. ४ मध्यें वारला. गायुस कन्सल झाला तो इ. स. १ मध्यें, अर्थात् लेख त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. हें मंदिर आग्रिप्पानें अर्पण केलें, असें प्रवासवर्णनांतून वारंवार छापलें जातें. आग्रिप्पा इ. स. पूर्वीं १२ मध्येंच निवर्तला असल्यानें, सेगिएचें वाचन खरें असेल तर तें विधान टिकत नाहीं.

पण वाचन खरें आहे काय? यावर दोन आक्षेप येतात व दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा. भोंक म्हणजे अक्षर नव्हे. एकच अक्षर ओतणारा कारागीर त्यास कधीं दोन, कधीं तीन खुंट्या ठेवील. दोन निरनिराळ्या अक्षरांच्या खुंट्या एकाच जागीं येतील. सेगिएला रोमन लेखांची परिभाषा मुखोद्गत होती. तेव्हां त्यानें परिचित वाक्य भोकांवर बसविलें आणि तें बसलें हेंच त्याचें प्रमाण मानलें, असें कोणी म्हटल्यास हा नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष होय. अमेरिकन पंडित जेम्स अँडरसन यानें २००१ मध्यें या वाचनाच्या निश्चिततेवर आघात करून मंदिराचा काळ शतकभर किंवा त्याहूनहि अलीकडे ओढण्याचा प्रयत्न केला.

आमच्या मतें हा दोष सेगिएला पूर्णपणें लागत नाहीं. वाचन एका-दोन अक्षरांचें असतें तर लागला असता. येथें दोन ओळींत मिळून मूळ लॅटिन लेखाचीं ६८ अक्षरें आहेत. शिवाय 'सीझर यास', 'ऑगस्टसचा', 'पुत्र' व 'कन्सल' यांचीं १८ अक्षरें पहिल्या ओळींत दोन वेळां त्याच क्रमानें येतात. खुंट्या बदलल्या तरी अक्षरांची रुंदी व त्यांतील अंतर फारसें बदलणार नाहीं; म्हणून लेखाचा एक भाग दुसऱ्या भागाचा साक्षीदार होतो. ही कसोटी कल्पित वाक्यास सहसा उतरणार नाहीं. तथापि प्रत्येक अक्षर सिद्ध झालें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. लेखाचा काळ तोच वास्तूचा काळ, ही व्याप्ति निरपवाद नाहीं. रोम येथील पँथिऑनवर आग्रिप्पाचें नांव ठळक अक्षरांत आहे; परंतु आजची वास्तु हेड्रियनच्या काळांत पुरी झाली, हें तिच्या विटांवरील शिक्क्यांनीं सिद्ध झालें. तेथें खरा लेखहि दिशाभूल करतो. मग भोकांवरून अनुमिलेल्या लेखाची काय कथा? यावर उत्तर वास्तूनेंच दिलें पाहिजे. आमी व ग्रो या फ्रेंच विद्वानांनीं १९७९ मध्यें या मंदिरावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत स्तंभशीर्षें व पानवेलींची नक्षी यांची तुलना ऑगस्टसच्या काळांतील रोममधील कामाशीं, विशेषतः इ. स. पूर्वीं २ मध्यें अर्पिलेल्या मार्स देवाच्या मंदिराशीं, केली आहे. नक्षी पाहणारास भोकांची गरज नाहीं आणि भोकें वाचणारास नक्षीची नाहीं. दोन स्वतंत्र साक्षी एकाच काळाकडे बोट दाखवितात, यांतच सेगिएच्या मताचें खरें बळ आहे. म्हणून बहुतेक विद्वानांप्रमाणें आम्हीहि त्याच्या बाजूस आहों. मात्र त्याचें वाचन 'बलवत्तर अनुमान' म्हणून छापावें, 'उपलब्ध लेख' म्हणून नव्हे.

हा भेद आम्हांस स्वतःच्या चुकीनें कळला. पुष्कळ वर्षांपूर्वीं कसरीनें खाल्लेलें एक मोडी पत्र आम्हीं छापलें. नांवाचें पहिलें अक्षर व शेवटचा प्रत्यय तेवढा शिल्लक होता, मध्यें भोंक. प्रसंगास शोभेल असें एका नामांकित सरदाराचें नांव आम्हीं तेथें भरलें व कंस घालण्याची तसदी घेतली नाहीं. पुढें दुसऱ्या रुमालांत त्याच पत्राची अखंड नक्कल सांपडली. तें नांव एका सामान्य कारकुनाचें निघालें. तोंपर्यंत आमचा सरदार दोन पुस्तकांत शिरून बसला होता.

सेगिए आमच्याहून मोठा ठरतो तो येथेंच. १७५९ मध्यें त्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला तेव्हां वाचनाबरोबर भोकांचें चित्रहि छापलें. त्याचा प्रतिपक्षी आज त्याच्याशीं भांडूं शकतो, तो या प्रामाणिकपणाच्या बळावर. याच नीममध्यें सतराव्या शतकाच्या आरंभीं त्रोका नांवाच्या माळ्यानें गुप्तधनाच्या आशेनें तूर मान्य बुरजाचें पोट राजाच्या परवानगीनें खणलें. धन मिळालें नाहीं. बुरूज मात्र खिळखिळा झाला. भोंक बुजविणारा संपादक व बुरूज पोखरणारा माळी यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. दोघेहि आपणांस हवें तें सांपडावें म्हणून पुरावा नासतात.

मेझों कारेच्या समोर १९९३ मध्यें बांधलेल्या कारे द'आर या इमारतींत नगराचें ग्रंथालय आहे. सेगिएचीं हस्तलिखितें नगराच्या याच ग्रंथसंग्रहांत आहेत. एका बाजूस भोकें, दुसऱ्या बाजूस भोकें वाचणाराचे कागद, आणि मध्यें एक चौक. ज्यांच्या पेट्यांत त्रुटित ताम्रपट व फाटके कागद आहेत, त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं, वाचन छापावें तेव्हां त्रुटिहि छापावी. उद्यांचा वाचक आपल्याहून चांगला असण्याचा संभव आहे. त्याच्यासाठीं भोंक शिल्लक ठेवणें हें आपलें कर्तव्य होय.