भाषा येत असूनही

नाताळचा चित्रपट म्हटला की बर्फ, दिव्यांच्या माळा आणि शेवटी सगळ्यांचे गोड होणे, एवढीच आपली अपेक्षा असते. रिचर्ड कर्टिस यांचा 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' (२००३) वरवर पाहता याच जातीचा. नाताळला पाच आठवडे उरले असताना तो सुरू होतो आणि लंडनमधल्या आठ-दहा प्रेमकथा एकमेकींत गुंफत जातो. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' आणि 'नॉटिंग हिल' यांचे लेखन करणाऱ्या कर्टिस यांचे हे पहिले दिग्दर्शन. सगळे एकाच ताटात वाढायची हौस त्यात दिसते. दोन-तीन कथा गाळल्या असत्या तरी काही बिघडले नसते.

पण घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, अशा मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातली एक कथा जरूर पाहावी. जेमी हा इंग्रज लेखक (कॉलिन फर्थ) प्रेयसीने फसवल्यावर फ्रान्समधल्या एका घरी जाऊन राहतो. घरकामाला येते ऑरेलिया, पोर्तुगीज मुलगी (लुसिया मोनिझ). त्याला पोर्तुगीज येत नाही, तिला इंग्रजी. तिला गाडीतून घरी सोडताना तो म्हणतो, दिवसातली हीच वेळ मला सर्वांत आवडते. ती म्हणते, तुम्हाला सोडून जायची ही वेळ सर्वांत वाईट. दोघांनाही काही कळत नाही; पडद्यावरच्या अक्षरांमुळे आपल्याला तेवढे कळते.

इथेच थांबले असते तर 'प्रेमाला भाषा लागत नाही' हे जुनेच तुणतुणे झाले असते. तसे होत नाही. जेमी लंडनला परततो, कानाला यंत्र लावून पोर्तुगीज घोकतो आणि नाताळच्या आदल्या रात्री मार्सेला जाऊन भर उपाहारगृहात तिला मागणी घालतो. व्याकरणाचा पार चुराडा! ती उत्तर देते तेही तशाच मोडक्या इंग्रजीत. इकडे तीही शिकत होती. न जाणो, उपयोगी पडेल म्हणून. (तिच्या बहिणीच्या जाडेपणावरचे विनोद मात्र हलके आहेत.)

दोघांनीही शिकणे, हे मला मोठे वाटते. आमच्याकडे कानडी घरातली सून आली आणि वर्षभरात मराठी बोलू लागली. आम्ही तिचे तोंडभरून कौतुक केले. सासूबाईंनी कानडी शिकल्याचे कौतुक करायची वेळ काही आमच्या घरावर आली नाही.

चित्रपटावरचा माझा खरा आक्षेप वेगळा आहे. लेखक आणि मोलकरीण, पंतप्रधान आणि चहा-बिस्किटे आणणारी मुलगी, साहेब आणि सेक्रेटरी: तीन कथांत पुरुष मालक आणि स्त्री हाताखालची. पहिल्या दोन परीकथेसारख्या सांगून टाकल्या आहेत. याची किंमत कोण मोजते, हे फक्त तिसरीत दिसते. कॅरनला (एमा थॉम्प्सन) नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सोन्याची साखळी सापडते. नाताळची भेट उघडते तेव्हा मात्र हातात येते जोनी मिचेलच्या गाण्यांची सीडी. साखळी दुसरीसाठी होती. ती झोपायच्या खोलीत जाते, गाणे लावते, डोळे पुसते, पलंगावरची चादर सारखी करते आणि हसऱ्या तोंडाने मुलांत येते. संवाद एकही नाही. त्या चादरीवरून फिरलेला हात अख्ख्या चित्रपटाला भारी आहे.

मित्राच्या बायकोला दारात उभे राहून पाट्या दाखवणाऱ्या तरुणाचा प्रसंग अधिक गाजला. मला त्यात स्वतःवरचेच प्रेम जास्त दिसते. पाट्यांना उत्तर द्यायची सोय नसते.

कॅरन आणि हॅरी (अॅलन रिकमन) यांची भाषा एकच, संसार एकच, मुले दोन. महिन्याभराने विमानतळावर तो परत येतो. मुले धावतात. कशी आहेस, असे तो विचारतो. मी ठीक आहे, ती म्हणते. मग पुन्हा एकदा, मी ठीक आहे. आणि सगळे घरी जायला निघतात.