श्लिकच्या ‘जीवनार्था’तील क्रीडा आणि प्रयोजन

तार्किक अनुभववादाचे नाव निघाले की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी एक निर्णय तोंडपाठ म्हणून दाखवितात : जीवनाच्या अर्थाविषयीचा प्रश्नच निरर्थक होय. त्यांनी व्हिएन्ना वर्तुळाचा अध्वर्यू मॉरित्स श्लिक याचा ‘जीवनाचा अर्थ’ हा १९२७ मधील निबंध अवश्य वाचावा. विधानाचा अर्थ त्याच्या पडताळ्यापासून वेगळा काढता येत नाही, असे पुढे आग्रहाने सांगणारा हा तत्त्वज्ञ तेथे तो प्रश्न बाजूस सारीत नाही. त्याला उत्तर देतो.

आपण श्रम करतो ते कशासाठी तरी. ते साधले की नवे साध्य पुढे उभे राहते आणि मधला सारा काळ केवळ साधन म्हणून खर्ची पडतो. शोपेनहौअरने यातून निराशावाद काढला. श्लिक नीत्शेचा धागा धरून म्हणतो की दोष जीवनाचा नव्हे, त्यावर चालणाऱ्या प्रयोजनाच्या सत्तेचा आहे. जी क्रिया तिच्या स्वतःसाठीच केली जाते ती क्रीडा, आणि जीवनाला अर्थ लाभतो तो क्रीडेत. श्रमही क्रीडारूप होऊ शकतात, हे तो विसरत नाही.

हे मराठीत मांडू लागताच अडखळावयास होते. जर्मन भाषेत ‘झिन’ आणि ‘त्स्वेक’ हे शब्द निराळे असल्यामुळे अर्थ प्रयोजनाविना संभवतो हे म्हणणे तेथे सहज उभे राहते. आपला ‘अर्थ’ मात्र दुहेरी आहे : वाक्याचा अर्थ म्हणजे आशय, आणि ‘ज्ञानार्थ’, ‘भोजनार्थ’ यांतला अर्थ म्हणजे प्रयोजन. एवढ्यावरून श्लिक चुकला असे ठरत नाही. शब्दकोशाने तत्त्वज्ञानाचा निकाल लावू नये. परंतु ही दोन्ही खरोखरच इतकी विलग आहेत काय, ही शंका आपला शब्द जागी ठेवतो.

निबंधाची खरी दुर्बलता ‘तारुण्य’ या शब्दात आहे. जीवनाचा अर्थ तारुण्यात आहे असे श्लिक म्हणतो. पण तारुण्य वयाने मोजावयाचे नसून जेथे क्रिया क्रीडा झाली तेथे तारुण्य, असेही सांगतो. मग सिद्धान्त म्हणून जे हाती येते ती केवळ व्याख्या उरते.

शिवाय आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागविणारी व्यक्ती क्रीडा करीत नसते. तिचे प्रयोजन दुसऱ्यासाठी आहे, आणि तरीही ते भविष्यात दूर कोठे ठेवलेले नसून त्या रात्रीच्या प्रत्येक घटकेत हजर असते. पहाटे रोगी दगावला तर ती रात्र व्यर्थ गेली असे आपण म्हणू काय? साध्य आणि क्रीडा या दोनच खणांत तिला जागा मिळत नाही. नीतिशास्त्रावरील १९३० च्या ग्रंथात श्लिक सौजन्याची महती गातो, तेव्हा तो या जागेच्या पुष्कळ जवळ आलेला दिसतो. क्रीडेच्या चौकटीतून मात्र तो तेथेही बाहेर पडत नाही.